कमी बजेटमध्ये बाहेरच्या भिंतीवर रंगीत चित्र: पैसा नेमका कुठे वाचतो?



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या कामांच्या व्हिडिओत मी भिंतीवरच्या चित्रांबद्दल जेमतेम दोन मिनिटं बोललो होतो. त्यानंतर देवणी, उदगीर, निलंगा, मुखेड भागातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "सर, चित्र काढता येतं. पण गिऱ्हाईक म्हणतं बजेट नाही. मग स्वस्तात कसं करायचं?"

प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात, म्हणजे रंगाच्या दुकानात. सगळ्यात स्वस्त डबा कुठला, एवढंच विचारतात. मीही तेच केलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती. आधी ते सांगतो.

माझी पहिली भिंत

तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो. एका दूध संकलन केंद्राची रस्त्याकडची भिंत रंगवायचं काम मिळालं. मालकांना मी काका म्हणायचो. भाव कसा ठरला? काका म्हणाले, "किती घेशील?" मी भिंतीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणालो, "साडेतीन हजार." कागदावर एक ओळसुद्धा लिहिली नाही.

मग त्या साडेतीन हजारात काहीतरी उरावं म्हणून सगळ्यात स्वस्त रंग आणला. प्राइमर गाळला. भिंतीवर जुन्या चुन्याचे थर होते, ते खरवडायला एक दिवस गेला असता म्हणून वरूनच रंग मारला. मे महिन्यात काम झालं. चित्र छान दिसत होतं, लोक थांबून बघायचे. पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि पोपडे सुटायला लागले. पोळ्याच्या सुमाराला गाईचं अर्धं तोंड गळून पडलं होतं.

काका रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "रंग्या, मी पैसे दिले होते की रे." ते वाक्य रागापेक्षा जास्त लागलं. दिवाळीनंतर मी ती भिंत स्वतःच्या खर्चानं परत केली. पहिल्या कामाची कमाई गेलीच, वर खिशातले पैसे आणि पाच दिवस गेले.

त्यात चूक रंगाच्या कंपनीची नव्हती आणि काकांचीही नव्हती. मला हिशोब येत नव्हता, एवढीच गोष्ट होती. म्हणून आज आधी हिशोब करू.

१६० चौरस फुटांचा हिशोब

भिंत धरू या २० फूट लांब, ८ फूट उंच. म्हणजे १६० चौरस फूट. गावातल्या अंगणवाडीची किंवा कृषी सेवा केंद्राची बाजूची भिंत साधारण एवढी भरते. खालचे दर मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या दुकानातले, तुमच्या गावातल्या मजुरीचे आकडे टाकून हाच तक्ता वहीत परत मांडा.

- बाहेरच्या भिंतीचा प्राइमर, २ लिटर: ३०० रुपये
- बाहेरचा पांढरा इमल्शन, ४ लिटर (संपूर्ण भिंतीला दोन हात): १००० रुपये
- चित्रासाठी काळा, १ लिटर: ३०० रुपये
- चित्रासाठी पांढरा, १ लिटर: २५० रुपये
- मशीनवर करून घेतलेला गेरूचा गडद रंग, १ लिटर: ३०० रुपये
- पिवळा आणि निळा स्टेनर: १५० रुपये
- भेगा भरायचं सामान: २०० रुपये
- ब्रश-रोलरची झीज, पॉलिश पेपर, टेप: ३०० रुपये
- घोडी आणि फळ्यांचं भाडं: ३०० रुपये
- सामान आणण्या-नेण्याचा खर्च: २०० रुपये

सामानाची बेरीज झाली ३३०० रुपये.

आता मजुरी. स्वतःचे ४ दिवस, ८०० रुपयांनी ३२००. मदतनीस २ दिवस, ५०० रुपयांनी १०००. एकूण ४२००.

सामान आणि मजुरी मिळून ७५००. अडीअडचणीसाठी १० टक्के, म्हणजे ७५०. झाले ८२५०. त्यावर १५ टक्के नफा, साधारण १२४०. गिऱ्हाइकाला सांगायचा भाव ९५०० रुपये. चौरस फुटाला साधारण ६० रुपये पडले.

आता या आकड्यांकडे नीट बघा. प्राइमर, रंग आणि स्टेनर यांची बेरीज २३०० आहे. साडेनऊ हजारांचा तो जेमतेम पाव हिस्सा. निम्म्या किमतीचा रंग आणला तर हजार-अकराशे वाचतील. पण तोच रंग पावसाळ्यात उतरला तर साडेनऊ हजारांचं पूर्ण काम परत करावं लागेल, आणि तेही फुकट.

सगळ्यात मोठा आकडा मजुरीचा आहे. तुमचा एक दिवस वाचला की ८०० रुपये वाचतात. बारा रंगांचं, बारीक कलाकुसरीचं चित्र घेतलं तर ४ दिवसांचे ७ दिवस होतात आणि खर्च २४०० नं वाढतो. हा फरक सगळ्या रंगसामानाच्या किमतीपेक्षा मोठा आहे!

म्हणून आजच्या लेखाचं सार एवढंच: कमी बजेटचं काम म्हणजे चांगला रंग, कमी रंगछटा आणि घरीच पूर्ण केलेली आखणी. बाकी सगळं यातूनच निघतं.

"स्वतःचा पगार कशाला धरायचा सर, मीच तर करतोय," असं कोणी म्हणेल. धरायचाच. तो धरला नाही तर तुम्ही धंदा करत नाही, फुकट मजुरी करताय.

भिंत आधी तपासा, भाव नंतर सांगा

भाव सांगायच्या आधी भिंतीजवळ अर्धा तास थांबा. पाच गोष्टी बघा.

१. हाताने चोळून बघा. तळव्याला पांढरी भुकटी लागली तर तिथे चुना किंवा जुना सिमेंटचा रंग सुटतोय. त्यावर इमल्शन धरत नाही. पत्र्याने खरवडायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं, सुकवायचं आणि मग प्राइमर.

२. ओल तपासा. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंत ओली आहे.

३. लोणा बघा. खालच्या दोन फुटांत पांढरे क्षार फुटलेले असतील तर तिथे कितीही महाग रंग टिकणार नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला सांगा. ते होणार नसेल तर चित्र लोण्याच्या वरून सुरू करा आणि खाली साधा पट्टा ठेवा. तो पट्टा दरवर्षी परत मारता येतो.

४. नवीन प्लास्टर असेल तर घाई नको. पाणी मारणं संपल्यावर भिंत पुरती वाळू द्या. प्लास्टर झाल्यापासून निदान महिनाभर थांबलेलं बरं. ओल्या सिमेंटमधला क्षार रंग खातो.

५. शेवाळ, बुरशी असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला आणि भिंत वाळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भेगा आपल्याकडे नेहमीच्या. काळ्या मातीत पाया हलतो, उन्हाळ्यात जमीन फाटते, तशी भिंतही फाटते. केसासारखी भेग भरता येते. जी दरवर्षी उघडते, ती पेंटरच्या हातची नाही. गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगा.

अजिंठ्याचं उदाहरण मी नेहमी देतो. लेणीतला दगड आधी माती, भुसा, गवताचे धागे कालवून लिंपला. वर पांढरा पातळ थर दिला. मग चित्रं आली. रंगही बहुतेक मातीतले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा बाहेरून आलेल्या दगडाचा. पंधराशे वर्षांपूर्वीचे कलाकारसुद्धा आधी भिंत करायचे आणि मग चित्र. आपण मराठवाड्याचे, हे तरी आपल्या लक्षात राहायला पाहिजे.

चित्र कुठलं घ्यायचं? देवणीचं उत्तर गोठ्यात आहे

देवणीत कुठल्याही भिंतीसमोर उभे राहा आणि विचार करा: या गावचं नाव बाहेर कशामुळे ठाऊक आहे? देवणी गोवंशामुळे. दूधही देणारी आणि शेतातही चालणारी ही जात, आपल्या गावच्या नावाने देशभर ओळखली जाते. फुगीर कपाळ, लोंबते कान, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. गुरं बाळगणाऱ्याला शेवरा, वानेरा, बालंक्या हे प्रकार तोंडपाठ असतात. शेवरा म्हणजे पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं.

आता पेंटरच्या डोळ्याने बघा. पांढरा आणि काळा! दोन्ही सहज मिळणारे, दोन्ही उन्हात टिकणारे. लांबून, मोटरसायकलवरून जातानाही दिसणारे. शिवाय गावातल्या माणसाला ते चित्र आपलं वाटतं. "ही शेवरा बरोबर काढलीस," असं एखाद्या आजोबांनी म्हटलं की समजा पुढचं काम तुम्हाला मिळालं. आणि डाग चुकले, कान उभे काढले, तर तेच आजोबा चारचौघांत हसतील. म्हणून इंटरनेटवरचा फोटो बघून काढू नका. गोठ्यात जा, मालकाला विचारा, स्वतः फोटो घ्या.

कमी रंगात मोठं काम होतं याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच राज्यात आहे. वारली चित्र. गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बस्स. त्याच एका रंगावर जिव्या सोमा मशे जगभर पोचले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारलीची सरसकट नक्कल करा, असं मी म्हणत नाही. ती त्यांची परंपरा आहे. त्यातून घ्यायचा तो विचार: जमीन एका रंगाची, आकृती ठळक, बाकी जागा मोकळी.

दुसरं उदाहरण मुंबईचं. घाटकोपरजवळ असल्फाची टेकडी आहे, मेट्रोतून दिसते. २०१७ च्या शेवटी 'चल रंग दे' या उपक्रमात स्वयंसेवकांनी तिथली घरं रंगवली. लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात भरतात ते सपाट, ठळक रंगांचे मोठे तुकडे. चित्रं मोजक्या भिंतींवर आहेत. म्हणजे नजर खेचायचं काम सपाट रंगच करतो आणि सपाट रंग रोलरने पटकन होतो. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा तिथेही घरांच्या भिंती पुस्तकांच्या विषयांवर रंगवल्या होत्या. गावाची ओळख आणि भिंत यांची सांगड बसली की बघणारा थांबतो.

पाच रंगांत रंगीत भिंत

"सर, काळं-पांढरं झालं, मग रंगीत कुठाय?" येतोय तिकडेच.

पाच गोष्टी घ्या: पांढरा, काळा, गेरूचा गडद, पिवळा ऑक्साइड आणि निळा. पांढऱ्यात थोडा पिवळा घातला की उन्हाचा हलका रंग, तो मागच्या जमिनीला. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, तो ज्वारीच्या ताटांना, तुरीला. गेरू खालच्या मातीला. गेरूत पांढरा घातला की विटेचा फिका रंग, तो घराला. काळ्यात पांढरा घातला की राखाडी, तो दगडाला आणि सावलीला. झाली की आठ-दहा छटा!

इथे तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, गेरू आणि पिवळा ऑक्साइड हे लोखंडाच्या गंजाच्या घराण्यातले रंग. ते उन्हाला हटत नाहीत. भडक गुलाबी, नारिंगी, जांभळे स्टेनर बाहेर लवकर उडतात. डबीवर "बाहेरच्या भिंतीसाठी" लिहिलंय का ते वाचा. निळाही तसाच वाचून घ्या.

दुसरी, पांढऱ्या रंगात स्टेनर ओतत राहून गडद रंग होत नाही. प्रमाणाबाहेर ओतला की रंग नीट सुकत नाही आणि हाताला लागतो. गडद छटा दुकानातल्या मशीनवरच करून घ्या. आपल्या तक्त्यात म्हणूनच गेरूचा वेगळा डबा आहे.

तिसरी, लागेल तेवढी छटा एकदाच कालवा. पडलीच कमी, तर तीच छटा परत जमत नाही. उरलेला रंग झाकणाच्या डब्यात ठेवा. वर्षभराने डागडुजीला तोच कामी येतो.

डिस्टेंपर बाहेर वापरू नका, तो घराच्या आतला. ऑइलपेंट अक्षरांना आणि लोखंडी दाराला ठीक, पण सगळी भिंत त्याने झाकली की आतली ओल कोंडते आणि फुगे येतात.

भिंतीवर नेमकं काय क्रमाने करायचं

आदल्या रात्री घरी, चौकटीच्या कागदावर चित्र पूर्ण करा. कागदावरची एक चौकट म्हणजे भिंतीवरचा एक फूट. कुठल्या चौकटीत कुठला रंग, तेही लिहून ठेवा. भिंतीसमोर उभं राहून विचार करत बसणं म्हणजे रोजचे ८०० रुपये जाळणं.

पहिला दिवस: खरवडणं, धुणं, वाळल्यावर भेगा भरणं. मदतनीस आज लागतो.

दुसरा दिवस: सकाळी प्राइमर. तो सुकला की जमिनीच्या रंगाचा पहिला हात, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर दुसरा. मदतनीस आजही आहे.

तिसरा दिवस: दोरीने आणि खडूने चौकटी आखा, चित्र उतरवा. स्केचपेन आणि मार्करने आखू नका, ती रेघ रंगातून वर फुटते. पानं, ठिपके, वेलबुट्टी अशा परत परत येणाऱ्या आकारांसाठी जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे कापा. फुकटात मिळतात, धुता येतात. मग मोठे तुकडे भरा, फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे.

चौथा दिवस: काळा रंग, कडा, डोळे आणि खाली तुमचं नाव आणि फोन नंबर. हे नाव विसरू नका. तीच तुमची जाहिरात. मात्र मालकाला आधी विचारून.

वेळ कुठली? आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत दुपारी तव्यासारखी तापते. रंग ब्रशवरच सुकतो आणि नीट धरत नाही. तेव्हा करायचंच असेल तर पूर्वेची भिंत दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. सावलीच्या मागे चाला.

आणि हो, घोडीवर चढायच्या आधी वर बघा. विजेची तार भिंतीजवळून जात असेल तर काम थांबवा आणि लाइन बंद करून घ्या. कुठल्याही कामापेक्षा तुमचा जीव महाग आहे.

काम कुठून मिळेल, आणि कागद कुठले

जिल्हा परिषदेच्या शाळांत "बोलक्या भिंती" आता सगळ्यांना माहीत आहेत. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' उपक्रमामुळे शाळांचं लक्ष भिंतींकडे आणखी वळलं. अंगणवाड्या, दूध केंद्रं, कृषी सेवा केंद्रं, दवाखाने, रस्त्यावरचे ढाबे हे पुढचे गिऱ्हाईक. शाळेत मुख्याध्यापक सरांना किंवा मॅडमना भेटा, चौकटीचा कागद आणि तक्ता घेऊनच जा. तोंडी बोलणाऱ्यापेक्षा कागद ठेवणाऱ्याला काम मिळतं.

परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्रात सार्वजनिक जागा विनापरवाना रंगवण्याविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. खासगी भिंत असेल तर मालकाची सही, नगरपंचायतीची असेल तर त्यांचं पत्र. उदगीरच्या किल्ल्यासारख्या जुन्या वास्तूच्या भिंतीला तर ब्रश लावायचाच नाही. आणि अंगणवाडीवर टीव्हीतली कार्टून काढायचा मोह टाळा. ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची असतात. देवणीच्या वासराचं गोड चित्र काढा, मुलं त्याला नाव ठेवतील.

पैसे असे घ्या: निम्मे आगाऊ, कारण सामान त्यातूनच येतं. पाव जमिनीचा रंग झाल्यावर. उरलेले काम संपल्यावर. कागदावर हेही लिहा की लोणा आणि ओल यामुळे झालेल्या नुकसानीची हमी नाही, पण पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा डागडुजी मोफत. अडीअडचणीचे १० टक्के यासाठीच धरलेत.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. पीएम विश्वकर्माच्या १८ व्यवसायांच्या यादीत भिंत रंगवणारा पेंटर नाही, त्यामुळे त्या नावाने कुणी फॉर्म भरून घेत असेल तर सावध. सामानासाठी थोडं भांडवल हवं असेल तर मुद्रा योजनेतला शिशु गट ५० हजारांपर्यंतचा आहे, बँकेत विचारा. पण खरं सांगू? निम्मे पैसे आगाऊ घेतले तर पहिल्या कामाला कर्जाची गरजच पडत नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, "पाच हजारांतच करा," तर?

भाव पाडू नका, काम लहान करा. "काका, पाच हजारांत पूर्ण भिंत टिकाऊ होणार नाही. पण दाराशेजारची दहा फूट भिंत पक्की करून देतो. उरलेली पुढच्या वर्षी." माझ्या अनुभवात असं सांगितल्यावर बरेच जण तयार होतात, कारण समोरच्यालाही पोपडे नकोच असतात.

त्या दूध केंद्राच्या काकांनी दुसऱ्यांदा केलेली भिंत बघून मला त्यांच्या भावाच्या दुकानाचं काम दिलं. त्या वेळी मी आकाशाकडे बघितलं नाही. वही उघडली.

आता तुमचं काम: या आठवड्यात गावातली एक भिंत निवडा, मोजा, हात चोळून बघा, प्लास्टिक चिकटवा आणि वरचा तक्ता तुमच्या दराने भरा. आकडा किती आला ते कमेंटमध्ये लिहा. चुकला असेल तर आपण मिळून दुरुस्त करू. कागदावर चुकलेला आकडा खोडता येतो, भिंतीवरचा खिशातून भरावा लागतो.

भेटू पुढच्या लेखात.